बारावा मणी



परवा २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सेनंतर आपण सगळे दफनभूमीत गेलो. पुढे फादर पवित्र पाणी शिंपडत होते, मागून आम्ही मेणबत्त्या घेऊन. अण्णांच्या कबरीवरचा सागवानी क्रूस त्यांनी स्वतःच जिवंतपणी करून ठेवला होता. दोन पावसाळे गेले तरी त्याचा सांधा हललेला नाही. त्यांची धाकटी लेक फडक्याने क्रूसाला तेलाचा हात देत होती. मला बघून म्हणाली, "टीचर, बाबांबद्दल तुम्ही अजून काहीच लिहिलं नाही."

मी विचारलं, "लिहू? सगळं?"

"सगळं लिहा. माझंही लिहा. नावं तेवढी नकोत."

म्हणून लिहितेय. नोव्हेंबर हा तसाही मृतांच्या प्रार्थनेचा महिना, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल जगभर जागृती करण्याचाही हाच महिना आहे. पण या लेखात माझा एक कबुलीजबाबही आहे. तो फादरांच्या कानी गेला आहे. आपल्या नोव्हेनाला येणाऱ्यांनाही ठाऊक आहे. बेळगावबाहेर जे वाचतात, त्यांना नाही.

अण्णा आपल्या धर्मग्रामातले सुतार. चर्चमधली बाकं, कन्फेशनची जाळी, नाताळचा गोठा, सगळं त्यांच्या हातचं. मला ते लहानपणापासून बघत आलेले. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं मला टीचर म्हणत असली तरी अण्णांसाठी मी "पोरी"च होते.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, त्यांचे डोळे पिवळे दिसले. दुखत काहीच नव्हतं. अंगाला खाज सुटायची आणि पँट कमरेला सैल झाली होती, एवढंच. आपल्याकडे कावीळ म्हटली की डॉक्टरच्या आधी झाडपाल्याचं औषध देणारा आठवतो. अण्णाही गेले. पंधरा दिवस ताकभात, तेल बंद, सकाळी उपाशीपोटी पाल्याचा रस. त्यांना नावं ठेवायला हे सांगत नाही, मीही तोच सल्ला दिला असता. पण साठीच्या पुढेमागे, पोटात न दुखता आलेली कावीळ आणि सोबत उतरणारं वजन ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण असू शकते. गाठ पित्ताच्या नळीपाशी वाढली की नळी दाबली जाते आणि डोळे पिवळे होतात. हे मला आता माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेलं असतं. बाहेरून हाताला लागत नाही. अण्णांचं कळलं तेव्हा यकृतावर डाग पडले होते, म्हणजे ऑपरेशनचा रस्ता बंद. डॉक्टरांनी पित्ताच्या नळीत बारीक नळी बसवून कावीळ उतरवली, गाठीचा कण काढला, आणि आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की दर पंधरा दिवसांनी केमो घ्यायची, लवकर सुरू करायची. शिवाय गाठीचा कण आणि रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवायचं.

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक मजकूर आला. चाळीस वर्षं ज्या दोषावर औषध सापडत नव्हतं त्याचं कुलूप उघडलं आहे, आता नुसती गोळी घ्यायची, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात दहातल्या नऊ जणांना हाच दोष असतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. विज्ञानाशी संबंध दहावीत सुटला. त्या मजकुरातलं एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं हे मला नंतर कळलं, आणि तेच जास्त लागलं.

बुधवारच्या नोव्हेनाला विनंत्या वाचून झाल्यावर मी माइकवर सांगितलं, की आपल्या अण्णांसाठी देवाने दार उघडलं आहे, नवी गोळी निघाली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना रडू आवरेना. रात्री घरी गेल्यावर त्यांनी ठरवलं, केमो नको. ती विषासारखी असते म्हणतात, त्यापेक्षा गोळी येईपर्यंत थांबू. मोठी मुलगी गोव्यात दिलेली, तिचा नवरा ती गोळी बाहेरून मागवायच्या खटपटीला लागला. असे तीन आठवडे गेले.

तीन आठवड्यांनी गाठीचा रिपोर्ट आला. "आमच्या टीचरनी सांगितलंय गोळी आहे म्हणून," असं काकूंनी म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंच्या हातात जपमाळ होती. त्या म्हणाल्या, "ही द्या जरा."

आणि त्या जपमाळेवर त्यांनी आम्हाला समजावलं. आपल्या पेशीत एक माळ असते, तिचं नाव केरास. तिला सुमारे १९० मणी. पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, याचं बटण म्हणजे ही माळ. तिचा बारावा मणी बदलला की बटण चालूच्या चालूच राहतं आणि पेशी वाढत सुटते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात दहापैकी नऊ जणांची ही माळ बिघडलेली असते. "तुमचा मजकूर इथपर्यंत बरोबर," त्या मला म्हणाल्या. "पण बाराव्या मण्याच्या जागी कोणता मणी आलाय, त्यावर सगळं आहे. ती गोळी एकाच मण्याला धरते. त्याचं अक्षर सी. स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांत तो एखाद-दुसऱ्याला असतो. अण्णांचा मणी डी. शंभरातल्या चाळीसेक जणांचा डीच असतो. त्याला धरणारं औषध आज माझ्या हातात नाही."

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "डीला का धरत नाही?"

"ती माळ गुंडाळून गुळगुळीत गोळ्यासारखी होते. औषधाला पकड मिळायला खाच लागते."

"होय की," अण्णा म्हणाले. "खाच नसेल तर पाचर कुठं मारणार?"

घरी आल्यावर मी शोधून वाचलं. या घराण्यातल्या जनुकात एका अक्षराच्या बदलाने कर्करोग होतो, हे १९८२ मध्ये कळलं. त्यानंतर तीस वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ त्या गुळगुळीत गोळ्याभोवती फिरले आणि बहुतेकांनी नाद सोडला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केवन शोकाट यांच्या गटाला बाराव्या मण्याजवळ एक लपलेला खळगा सापडला. तिथला मणी सी असेल तर त्याला औषध चिकटवता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यावरून पुढे सोटोरासिब नावाची गोळी झाली. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, तीही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. शोध खरा होता आणि गोळीही खरी होती. फक्त ती अण्णांसाठी नव्हती. मी ज्याला देवाने उघडलेलं दार म्हटलं, ते शेजारच्या घराचं होतं.

परतताना गाडीत अण्णा मला एवढंच म्हणाले, "पोरी, माप न घेता लाकूड कापलंस."

मी शनिवारी कन्फेशनला गेले. फादरांनी पापक्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं: ज्या माइकवर चुकीचं सांगितलं, त्याच माइकवर बुधवारी दुरुस्त कर. दहा जपमाळा परवडल्या असत्या. बुधवारी मी उभी राहिले आणि सांगितलं, की मी ज्या गोळीबद्दल बोलले ती अण्णांना चालणारी नाही, मी नीट न विचारता बोलले, अण्णा सोमवारपासून केमो घेणार आहेत, त्यांच्या हातापायांना बळ मिळावं म्हणून प्रार्थना करू या. चर्चमध्ये शांतता पसरली. बाहेर पायरीवर एका मावशींनी मला गाठलं. म्हणाल्या, "विश्वास ठेवायचा सोडून तूच असं बोललीस तर आम्ही काय करायचं?" मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. सिराखाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याला मान द्यायला सांगितलं आहे आणि औषध तयार करणाऱ्याच्या कामालाही. मला वाटतं, त्या मानात एवढं तरी येतंच, की त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने माइकवर बोलू नये.

ते तीन आठवडे नसते गेले तर फरक पडला असता का? डॉक्टरबाईंना मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "असल्या हिशेबात पडू नका, तो कुणालाच मांडता येत नाही." मी अजून अधूनमधून मांडते.

केमोबद्दल थोडं सांगते, कारण लोक तिला घाबरतात ते अगदीच उगाच नाही. दर पंधरा दिवसांनी एक दिवस हॉस्पिटलात, मग कमरेला छोटा पंप लावून घरी, तो दोन दिवस औषध सोडत राहतो. त्यातलं एक औषध प्लॅटिनमपासून बनवलेलं असतं, ऑक्झालिप्लाटिन. ते घेतल्यावर गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. आता सुताराची हत्यारं सगळी लोखंडी आणि तेव्हा डिसेंबर. पटाशी हातात धरवेना. काकू सकाळी रंधा आणि पटाश्या उन्हात मांडून ठेवायच्या, मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या. कोपऱ्यात हत्यारं ऊन खात बसलेली बघून मला हसू यायचं आणि मग ते घशातच अडकायचं.

डिसेंबरातच रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी मलाही बोलावलं होतं. या वेळी मी वही घेऊन गेले.

अण्णांच्या रक्तात बीआरसीए-२ नावाच्या जनुकात जन्मापासूनच दोष होता. हे नाव बहुतेकांना स्तनाच्या कर्करोगामुळे ठाऊक असतं. २०१३ मध्ये अँजेलिना जोली या नटीने आपल्या बीआरसीए-१ बद्दल जाहीर सांगितलं तेव्हा ते पेपरांत गाजलं होतं. बीआरसीए-२ त्याचं भावंड. पण ते पुरुषांतही असतं, वडिलांकडूनही येतं आणि त्याने स्वादुपिंडाचाही धोका वाढतो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. पेशीतल्या जनुकांचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो. दोन्ही पदर तुटले तर ते नीट जोडायचं काम बीआरसीए-२ करतं. किरकोळ, एका पदराची तूट जोडायला पार्प नावाचा दुसरा कामगार असतो. अण्णांच्या गाठीतला पहिला कामगार मेलेलाच होता. ओलापारिब नावाची गोळी दुसऱ्याला अडवते. मग गाठीच्या पेशीत तुटक्या धाग्यांचा ढीग साचतो आणि ती मरते. शरीरातल्या इतर पेशींत बीआरसीए-२ ची एक चांगली प्रत असते, त्या बऱ्याच अंशी निभावून नेतात. ही युक्ती चालते असं २००५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खुर्चीचा एक पाय आधीच मोडलाय. दुसरा आपण काढायचा."

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी वही उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "किती?"

त्यांनी आकडे सांगितले. मी नंतर ते पडताळून पाहिले, म्हणून आज लिहू शकते. २०१९ मध्ये या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. शरीरात पसरलेला स्वादुपिंडाचा कर्करोग आणि रक्तात बीआरसीएचा दोष असलेले, प्लॅटिनमच्या केमोने किमान सोळा आठवडे आजार थोपवून धरलेले १५४ रुग्ण तिच्यात होते. गोळी घेणाऱ्यांचा आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मधला काळ ७.४ महिने. नुसती नावाला गोळी घेणाऱ्यांचा ३.८ महिने. एकूण आयुष्याची सरासरी पाहिली तर दोन्हीकडे जवळपास सारखीच, साधारण दीड वर्ष. पण तीन वर्षांनी हयात असलेले मोजले तर गोळीच्या बाजूला शंभरात ३४ आणि दुसऱ्या बाजूला १८. "म्हणजे बरं होण्याची गोळी नाही," त्या म्हणाल्या. "थोपवून धरण्याची आहे. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. काहींना दोन महिने, काहींना वर्षं."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. त्या बुधवारी माइकवर काहीच बोलले नाही.

चाचणीबद्दल वाचताना आणखी एक आकडा दिसला, तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ते १५४ जण मिळावेत म्हणून बारा देशांत ३,३१५ रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली होती. दोष सापडला २४७ जणांत. उरलेले ३,०६८. हे सगळे अण्णांसारखेच आजारी. प्रत्येकाने दंड पुढे केला, एक नळी रक्त दिलं, घरी जाऊन वाट पाहिली आणि शेवटी त्यांना सांगण्यात आलं की ही गोळी तुमच्यासाठी नाही. मेंढपाळाने नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला जावं, ही आपल्या आवडीची गोष्ट. मी ती वर्गात दरवर्षी शिकवते, मुलं मेंढराचं चित्र रंगवतात. पण नव्व्याण्णवांच्या बाजूने ती मी कधी वाचली नव्हती. इथे तर ती नव्व्याण्णव सुरक्षित कुरणातही नव्हती, तीही दरीतच पडलेली. तरी त्यांनी रक्त दिलं म्हणून एकाचा माग लागला. विश्वासांगीकारात आपण संतांच्या संगतीबद्दल म्हणतो ना, तेव्हा मला आता देव्हाऱ्यातल्या मूर्ती डोळ्यांपुढे येत नाहीत.

आठ केमो झाल्या. मार्च २०२३ च्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नव्हती आणि गोळ्या सुरू झाल्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. महिन्याचा खर्च ऐकून काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पट्ट्याची करवत विकली, कारखान्यातलं सुकवून ठेवलेलं सागवान विकलं, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने दिलं, औषध कंपनीच्या सवलत योजनेत डॉक्टरबाईंनी नाव घातलं. ज्यांच्याकडे विकायला करवतही नसते त्यांचं काय होतं, हा प्रश्न मी इथे नुसता लिहून ठेवते. रिपोर्ट जुळला तरी खिसा जुळत नाही अशी माणसं आपल्याच वस्तीत आहेत.

नऊ महिने गोळ्यांनी साथ दिली. ते नऊ महिने कसे होते हे गोड करून सांगणार नाही. रक्त कमी व्हायचं, दोनदा चढवावं लागलं. जेवण लोखंडासारखं लागतंय म्हणून त्यांनी एकदा ताट भिंतीवर मारलं आणि नंतर स्वतःच फरशी पुसली. पण त्याच महिन्यांत त्यांनी सॅक्रिस्टीचं दार केलं, आपल्या दोन मुलांना रंधा कसा धरायचा ते शिकवलं आणि स्वतःचा क्रूस केला. दहा वर्षं ज्या भावाशी बोलणं नव्हतं त्याच्याकडेही गेले. भावाने चहा दिला, पण जमिनीचा विषय काढू दिला नाही. अण्णा म्हणाले, चहा तरी झाला.

एकदा मी त्यांना एर्लोटिनिबबद्दल वाचून दाखवलं. २००५ मध्ये अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगावर मान्यता मिळालेली ती पहिली नेमकी गोळी. ५६९ रुग्णांवर चाचणी झाली होती. नेहमीच्या औषधासोबत ती दिली तर आयुष्य ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेलं. म्हणजे दहा दिवस. अंगावर पुरळ उठायचं ते वेगळंच. मी म्हटलं, "दहा दिवसांसाठी एवढा खटाटोप!"

अण्णा म्हणाले, "दहा दिवसात एक दार होतंय की."

तरी त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. दहा दिवसांसाठी कुणी घर गहाण टाकत असेल तर मी त्याला थांबवीन. पण ते दिवस ज्याचे आहेत त्याने काय म्हणायचं, हे मी ठरवू शकत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गाठ पुन्हा वाढली. काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "पुन्हा एखादी गोळी बघ की गं. तू वाचतीस ना." मी वाचलं होतं. डॉक्टरबाईंनाही विचारलं होतं. मी म्हटलं, "काकू, आता नाहीये." एवढे तीन शब्द बोलायला मला जितकं बळ लागलं तितकं त्या बुधवारी माइकवरही लागलं नव्हतं. त्या बराच वेळ शेंगा सोलत बसल्या, मग उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फादरांना आजाऱ्यांच्या संस्कारासाठी बोलावलं. अण्णा शुद्धीवर होते, उत्तरं स्वतः देत होते. उपवासकाळात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात ते गेले.

आता मुलींचं. बीआरसीएचा दोष आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता अर्धी. आला म्हणजे कर्करोग होईलच असं नाही, पण स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो, म्हणून लवकर आणि नियमित तपासणी करायची. ही गोष्ट घराबाहेर फुटली तशी कुजबूज सुरू झाली. घराण्यात कुणाचं तरी पाप असणार. एकीने मला विचारलं, पूर्वजांच्या शापासाठी काही खास मिस्सा असते का. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापांचं. प्रभूने दोन्ही नाकारलं. पुढच्या रविवारी मी वर्गात तोच अध्याय घेतला, मुलांपेक्षा दाराशी थांबलेल्या आयांसाठी. अण्णांनी मुलींना जे दिलं त्यात त्यांचा दोष नाही, जसा नाकाच्या ठेवणीतही नाही.

मोठीने अजून तपासणी केलेली नाही. सासरचं घर आहे, मुलं लहान आहेत. तो तिचा निर्णय आहे आणि कुणी तिला माझं नाव सांगून भरीला घालू नये. धाकटी सत्तावीसची, लग्न व्हायचंय. काकूंना भीती, रिपोर्टमध्ये आलं तर मुलगा कोण देईल. तीही वर्षभर थांबली. यंदाच्या जूनमध्ये एका रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी लिफाफा घेऊन आली.

"टीचर, तुम्ही काही बोलू नका हं. नुसत्या बसा."

मी बसले. तिने लिफाफा फाडला, दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबली. "आहे," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबांचं नाक, बाबांचा राग आणि हे." मुलं दारात येऊन उभी राहिली होती. तिने कागद पर्समध्ये ठेवला, डोळे पुसले आणि मुलांना रांगेने आत घेतलं. त्या दिवशी अर्धा वर्ग तिनेच घेतला.

जूनमध्येच माझ्या फोनवर पुन्हा तसाच मजकूर आला. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर चमत्कारी गोळी. या वेळी मी माप घेतलं. डाराक्सोनरासिब नावाचं औषध आहे. केरासच्या बाराव्या जागी सी असो, डी असो की दुसरा कुठला मणी, अनेकांना ते धरतं. त्यासाठी ते पेशीतलंच एक दुसरं प्रथिन ओढून आणतं आणि त्या गुळगुळीत गोळ्याला चिकटवतं. अण्णा असते तर म्हणाले असते, खाच नव्हती म्हणून सरस लावला. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या महिन्यात, आधीच्या उपचारांनंतरही वाढलेल्या आजारासाठी, त्याला खास दर्जा दिला, पण तो दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, मोठी चाचणी तेव्हा अजून चालू होती. नोव्हेनाला कुणी विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं. आणि एक सांगितलं: २०१९ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सूचना म्हणतात, की स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या प्रत्येकाची जन्मजात दोषासाठी रक्त तपासणी करावी, घराण्यात कुणाला असो वा नसो. आपल्या माणसाच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा. गोळी मिळो न मिळो, लेकरांना कळतं.

धाकटीचा पहिला एमआरआय डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मी सोबत जाणार आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.

दरवर्षीप्रमाणे यंदाही २ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी आपण मृतांच्या नावांच्या याद्या वेदीवर ठेवल्या. माझ्या यादीत आईबाबा, आजी, मग अण्णा. त्याखाली मी लिहिलं, "३,०६८ जण." त्यांतले बहुतेक आज हयात नसणार. मिस्सेच्या आधी फादरांनी कागद हातात घेऊन मला सॅक्रिस्टीत बोलावलं, अण्णांनी केलेल्या दारातून. "हे कोण?"

मी सांगितलं. त्यांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं, म्हणाले, "बरं," आणि नावं वाचताना तो आकडा तसाच वाचला.